नीटसाठी अकरावी: कुठे आणि कितीला?

दहावीचा निकाल लागला की डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलांच्या घरी लातूर, नांदेड, कोटा, हैदराबाद ही नावं निघू लागतात आणि चौकशी सुरू होते ती क्लासच्या फीपासून. त्याआधी एक गोष्ट पक्की करा: मूल बारावी कोणत्या राज्यातून देणार?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याकडे राहतात. महाराष्ट्रातल्या या 85 टक्क्यांसाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच झालेल्या लागतात. बदलीवर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीसारखे मोजके अपवाद सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. ते सोडले, तर हैदराबादला बारावी केलेल्या सोलापूरच्या मुलीला चांगले मार्क पडूनही या जागा मिळत नाहीत. आणि सरकारी जागा हुकण्याची किंमत मोठी आहे. अनेक खासगी कॉलेजांच्या एका वर्षाच्या फीत सरकारी कॉलेजातलं अख्खं एमबीबीएस होतं.

यावर तोडगा म्हणून ‘नाव गावच्या कॉलेजात, मूल कोट्यात’ असं सर्रास सुचवलं जातं. त्या वाटेला जाऊ नका. हजेरी भरली नाही म्हणून बारावीचा फॉर्मच अडला, तर नीटचे मार्क घेऊन काय करणार?

राज्यातल्या राज्यात मात्र कुठेही जायला हरकत नाही. विभागवार 70:30 कोटा 2020 मध्ये रद्द झाला, त्यामुळे पुण्याच्या मुलानं लातूरला बारावी केली म्हणून पुढच्या प्रवेशात काही बिघडत नाही. फरक पडतो तो खर्चात.

कॉलेजची फी हा त्यातला बहुधा सगळ्यात लहान आकडा. अनुदानित तुकडी मिळाली तर ती फारशी जाणवतही नाही. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत ती कितीतरी वाढते, म्हणून ऑनलाइन पसंतीक्रम भरताना तुकडीचा प्रकार वाचा. क्लासची फी विचारताना ‘जीएसटी धरून किती?’ असं विचारा. तो 18 टक्के आहे, म्हणजे लाखामागे 18 हजार. कॉलेज आणि क्लास एकत्र असेल तर दोन्हींच्या पावत्या वेगळ्या मागा.

खरा पैसा जातो राहण्या-खाण्यात. खोली आणि मेस मिळून महिना 9 हजार धरले, तरी 22 महिन्यांचे 1 लाख 98 हजार होतात. त्यावर डिपॉझिट, अभ्यासिकेची फी, घरी येण्याजाण्याची तिकिटं. मेस ठरवताना रविवारी रात्री जेवण असतं का, हे विचाराच. अनेक ठिकाणी नसतं, आणि मग दर आठवड्याला बाहेरचं खाणं आलं. उन्हाळ्यात पाण्याचं काय, हे घरमालकाला नाही, तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा. आई सोबत जाऊन राहणार असेल तर दुसरा संसार मांडावा लागतो, आणि ती कमावती असेल तर तिची मिळकतही थांबते. हा आकडा हिशेबात कुणी लिहीत नाही, तो लिहा. माझं स्पष्ट मत असं, की घरापासून तासाभराच्या अंतरावर बरं कॉलेज आणि बरा क्लास असेल, तर दूर पाठवण्याआधी त्याचाच विचार करावा. वाचलेले पैसे रिपीटच्या वर्षासाठी राखून ठेवता येतात, आणि ते वर्ष अनेक मुलांना करावं लागतं.

दोन वर्षांची फी एकरकमी भरली तर सूट देतो, असं क्लासवाले म्हणतील. भरण्याआधी परताव्याचा नियम लेखी घ्या. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलानं मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत मिळायला हवी. क्लासच्याच हॉस्टेलात राहत असेल तर हॉस्टेल आणि मेसची रक्कमसुद्धा. लातूरला पाठवलेलं मूल दिवाळीला आलं आणि परत जायला तयार नसलं, तर हाच कागद कामी येतो.

मुलीसाठी आखणी करत असाल तर पुढचंही आताच बघा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्यानं 2024 पासून पूर्ण माफ केली आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत.