ध्वनिमुद्रण, तंबोरा व आपले हात

गाणे साठवून ठेवण्याची सोय आजच्याइतकी सुलभ पूर्वी कधीही नव्हती. १८७७ साली एडिसनने कथिलाच्या वर्खावर मनुष्याचा आवाज उमटविला. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. त्या काळच्या तबकडीत एका बाजूस जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, व तेवढ्यात गवयास राग आटोपता घ्यावा लागे. आता नरडाण्यासारख्या गावीही ज्याच्या घरी संगणक आहे, त्यास तासन्‌तास गाणे मुद्रित करता येते. असे असूनही स्नेहसंमेलनाच्या तालमीचे दिवस आले, की मुलांची एकच तक्रार कानी पडते : "सर, गाणे पुन्हा अडकले!" हे अडकणे म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ.

ध्वनी म्हणजे हवेतील कंप होय. संगणक तो अखंड घेत नाही. सामान्यतः एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याचे माप घेतो व प्रत्येक मापाचा आकडा टिपतो. हे आकडे प्रथम एका तात्पुरत्या साठ्यात जमतात. त्यास बफर म्हणतात. आपल्या आजोबांनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. मोट भरून वर येई, थारोळ्यात रिती होई व मग पाटाला पाणी लागे. बफरचे काम तसेच आहे. मोट मोठी असेल तर पाणी उशिरा येणार. लहान असेल तर बैल क्षणभर थबकताच पाट तुटणार. १,०२४ मापांचा साठा घेतला, तर सुमारे २३ सहस्रांश सेकंदांचा विलंब होतो. तेवढ्या अवधीत ध्वनी हवेतून सुमारे ८ मीटर जातो, म्हणजे गाणाऱ्यास आपलाच सूर आठ मीटरांवरून यावा तसा मागाहून ऐकू येतो, आणि ताल डळमळतो. हा विलंब टाळण्यासाठी साठा लहान करावा, तर संगणक मध्येच दुसऱ्या कामात गुंतला, की सुरात चट्‌चट्‌ असा आवाज होतो किंवा तुकडाच गळतो.

याहून मोठे संकट निराळे आहे. अनेक प्रकारच्या ध्वनिफायलींत एकूण लांबीची नोंद फायलीच्या आरंभी, परंतु मुद्रण संपल्यावर केली जाते. ती होण्यापूर्वीच सॉफ्टवेअर बंद पडले अथवा वीज गेली, तर आतील आकडे शाबूत असूनही फाईल रिकामी भासते. अशी फाईल पुसून टाकण्याची घाई करू नये. जाणत्या माणसास ती कधी कधी उघडता येते.

कधी कधीच, हेही खरे. मागील वर्षी नववीतील एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या मुद्रित करावयास घेतल्या. सॉफ्टवेअरचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. शेवटच्या ओवीवर ते निमूटपणे मिटले, आणि पाऊण तासाच्या गाण्यातील एक अक्षरही पुढे कोणास उघडता आले नाही. आजी तोवर सुरतेस आपल्या लेकीकडे परतली होती. मुलगी कानांस यंत्र लावून पडद्यावरच्या हिरव्या रेषा सांभाळीत बसली होती; तिला दोन ओव्या सांगता आल्या. तिचा धाकटा भाऊ मात्र हौसेने आजीसमोर बसून जात्याचा खुंटा ओढीत होता. त्याने अकरा ओव्या म्हणून दाखविल्या, आणि त्याही जात्याच्या फेऱ्याच्या लयीत! बहिणीने त्या वहीत उतरून घेतल्या. हेमा राईरकर व गी पॉइटेव्हँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने जात्यावरच्या लाखभर ओव्यांचा जो संग्रह केला, त्यातही पुष्कळसे काम असेच ऐकून कागदावर उतरविण्याचे होते. फिती मागाहून आल्या.

यावरून यंत्र फेकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. मुद्रण व हातकाम ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचे ठळक उदाहरण मिरजेस आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचा आवाज आज आपणांस ऐकावयास मिळतो तो तबकड्यांमुळेच. तथापि वाद्ये दुरुस्त करण्यातही खाँसाहेबांचा हात मोठा कुशल असे. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः काढीत. ज्या सुराच्या आधाराने तबकडीतला आवाज इतका निश्चिंत वाटतो, तो आधार त्यांनी आपल्या बोटांनी घडविलेला असे.

मिरजेत तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी-भाल्यांस धार लावणे हा त्यांचा व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार प्रभृती कारागीर वाद्यांकडे वळले. भोपळे येतात ते पंढरपूर परिसरातील भीमाकाठचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

आता जवारी म्हणजे काय? तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा धारदार नसून किंचित उतरता व रुंद असतो. कंप पावताना तार त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते, आणि त्यामुळे मूळ स्वरासह त्याचे अनेक उपस्वर जागे होतात. तारेखाली सुताचा एक दोरा सारून हा परिणाम साधावयाचा असतो. दोरा केसभर सरकला तरी गुंजन मावळते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास या वाद्यांचा अभ्यास करून दाखविले, की ज्या ठिकाणी छेडल्यास एखादा उपस्वर उमटूच नये, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो ऐकू येतो. कारागिराजवळ हे सांगणारे कोणतेही मापक नसते. तो कानस फिरवितो, ऐकतो, पुन्हा फिरवितो.

एवढे कौशल्य आपणांस एका सुटीत येणार नाही. पण तारेचा एक साधा प्रयोग येईल. पाऊण मीटर लांबीची सपाट फळी घ्यावी. दोन्ही टोकांस स्क्रू बसवून त्यांवर सतारीची पोलादी तार ताणावी (ताणताना तोंड बाजूस ठेवावे, तार तुटल्यास डोळ्यास इजा होते). दोन लाकडी पट्ट्या तारेखाली बरोबर ६० सेंटिमीटर अंतरावर उभ्या कराव्या. फळीखाली वाळलेला, आतून कोरलेला कडू भोपळा बांधल्यास आवाज मोठा येतो. सबंध तार छेडली असता जो स्वर येईल, तो आपला षड्ज मानावा. आता तिसरी पट्टी, पहिल्या दोहोंहून नखभरच उंच, तारेखाली सरकवीत न्यावी. कंप पावणारा भाग ४८ सेंटिमीटर राहिला म्हणजे गंधार, ४५ ला मध्यम, ४० ला पंचम, ३६ ला धैवत, आणि बरोबर निम्म्यावर, ३० ला, तार षड्ज मिळतो. पट्टी फार उंच घेतल्यास तार अधिक ताणली जाऊन स्वर चढतो. तेव्हा रंध्याने ती हळूहळू उतरवावी.

या फळीशेजारी शाळेतील पेटी ठेवून पाहण्यात मोठी मौज आहे. तारेचा षड्ज पेटीशी जुळवावा, व नंतर पेटीचा गंधार दाबून त्याच्याशी पट्टी मिळवावी. बाजारातील बहुतेक पेट्या समान अंतरांच्या स्वरांवर लावलेल्या असल्यामुळे पट्टी ४८ वर न थांबता सुमारे ४७.६ वर जाते. हे अंतर चार मिलिमीटरांचे. ते आपल्या कानास कळते की नाही, हे प्रत्येकाने डोळे मिटून, फूटपट्टी शेजाऱ्याच्या हाती देऊन, स्वतःच ठरवावे.