युक्ती की लबाडी?
(युवकांसाठी अभ्यास-पाठ)



धानाची कापणी आटोपली, बांध्या रिकाम्या झाल्या की आपल्या चर्चच्या मागच्या मैदानावर फुटबॉल सुरू होतो. यंदा दोन समूहांच्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत एक गोल झाला आणि त्यावरून वाद झाला. फ्री किक होती. समोरचा संघ भिंत रचत होता, गोलकीपर खांबाजवळ उभा राहून आपल्या मुलांना जागा दाखवत होता, तेवढ्यात एकाने चेंडू रिकाम्या जाळ्यात मारला. शिट्टी माझ्या हातात होती. मी गोल दिला. त्यानंतरच्या दोन रविवारी मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना काही मुलांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

प्रश्न असा : प्रतिस्पर्ध्याला बेसावध गाठणे म्हणजे फसवणूक का?

हा प्रश्न फुटबॉलपेक्षा फार जुना आहे. यहोशवाच्या पुस्तकातील आठवा अध्याय काढून वाचा. आय नगर घेताना इस्राएलांनी काही माणसे नगरामागे दडवून ठेवली आणि बाकीचे पळ काढल्यासारखे दाखवत निघाले. ही योजना खुद्द परमेश्वराने सांगितलेली होती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच प्रसंगाच्या आधारे विचारले, की युद्धात दबा धरणे धर्माला मान्य आहे का? त्यांचे उत्तर दोन भागांत आहे. खोटे सांगून किंवा दिलेला शब्द मोडून फसवणे शत्रूच्या बाबतीतही गैर. परंतु आपला बेत समोरच्याला न सांगणे हे गैर नाही, कारण प्रत्येक बेत उघड करण्यास आपण बांधलेले नसतो. पुढची सर्व उदाहरणे याच कसोटीवर घासून पाहू.

पहिले उदाहरण आपल्या देशातले. 3 मार्च 2023 रोजी इंडियन सुपर लीगमध्ये बंगळुरू व केरळ ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना ज्यादा वेळेत गेला. सुनील छेत्री यांनी केरळची भिंत तयार होण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. केरळच्या प्रशिक्षकांनी चिडून संघ मैदानाबाहेर नेला, तो परतला नाही. छेत्री यांनी नंतर सांगितले, की मला शिट्टी नको, भिंतही नको, असे त्यांनी रेफ्रीला आधीच सांगितले होते. गोल कायम राहिला. केरळच्या क्लबला 4 कोटी रुपये दंड झाला आणि बंगळुरू पुढे मुंबई सिटीविरुद्ध उपांत्य फेरी खेळले. फ्री किक लगेच घेण्याची मुभा नियमातच आहे. दहा यार्ड अंतर मागायचे की नाही हे मारणाऱ्याने ठरवायचे. छेत्री यांनी कोणाला शब्द दिला नव्हता, केवळ बेत सांगितला नाही.

दुसरे उदाहरण विचित्र आहे, पण मुलांना फार आवडते. 27 जानेवारी 1994, कॅरिबियन कप, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. पुढे जाण्यासाठी बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. ज्यादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांइतका धरायचा, असा अजब नियम त्या स्पर्धेत होता. बार्बाडोस 2-0 ने पुढे होते, ग्रेनाडाने शेवटी शेवटी एक गोल फेडला. तेव्हा बार्बाडोसच्या खेळाडूंनी हिशेब केला आणि चेंडू मुद्दाम आपल्याच जाळ्यात मारला! 2-2. आता ग्रेनाडाला कोणत्याही एका जाळ्यात गोल करून पुढे जाता येत होते, मग तो स्वतःवर का होईना. आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही जाळ्यांची राखण करत धावत होते. ज्यादा वेळेत बार्बाडोसने गोल केला, तो दोन धरला गेला, 4-2. संघ पुढे गेला. हसू येते खरे, पण माझ्या मते यात पाप शोधू नये. खोट नियमात होती, आणि समोरच्याला प्रतिकार करण्याची पूर्ण मोकळीक होती.

आता गोव्याकडे या. 2004 साली तिथल्या सेकंड डिव्हिजन लीगमध्ये वरच्या श्रेणीत जाण्यासाठी दोन क्लबांत चुरस होती आणि गोलफरकावर निकाल लागणार होता. कुडतरी जिमखान्याने सांगोल्डा लाइटनिंगवर 61-1 असा, तर विल्फ्रेड लेझरने दोना पावला क्लबवर 55-1 असा विजय मिळवला. नव्वद मिनिटांत एकसष्ट गोल म्हणजे दर दीड मिनिटाला एक, आणि प्रत्येक गोलानंतर चेंडू पुन्हा मध्यावर ठेवायचा! गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही क्लबांवर बंदी घातली. इथे चेंडू जाळ्यात मारण्याची प्रत्येक कृती नियमात बसत होती, तरी सामना खोटा होता. जिंकणाऱ्याबरोबर हरणाराही त्यात सामील होता. फसवला गेला तो मैदानात नसलेला तिसरा. गुणतक्ता जे सांगत होता ती खोटी साक्ष होती, आणि आठवी आज्ञा तिला मना करते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत खेळातील फसवणूक सातव्या आज्ञेखाली घेतली आहे (परिच्छेद 2413). नुकसान अगदी क्षुल्लक नसेल तर ती गंभीर बाब ठरते.

वेळकाढूपणाबद्दल फार लिहीत नाही. कबड्डीत रिकाम्या चढाया फार होऊ लागल्या, तेव्हा तिसऱ्या चढाईत गुण न घेणारा बाद, असा नियम आला. फुटबॉलमध्ये 1992 साली गोलकीपरला मागे दिलेला चेंडू हाताने उचलण्यास बंदी झाली. अशा युक्त्या खेळ कंटाळवाणा करतात. त्यांचा बंदोबस्त नियम करणाऱ्यांनी करावा, कबुलीसंस्कारात त्या आणण्याची घाई नको.

आता आपल्या मैदानावरच्या गोलाकडे. ज्या मुलाने तो मारला त्याने छेत्रींचे नाव घेऊन आपली बाजू मांडली, आणि मीही तेच धरून बसलो होतो. हा पाठ तयार करताना मात्र आठवले, की किक मारण्याआधी त्याने मला हाक मारून सांगितले होते, ‘सर, यांना दहा पावलं मागे घ्या.’ मी पुढे होऊन मुलांना मागे सरकवत होतो. अंतर मागितले की रेफ्रीच्या शिट्टीशिवाय किक घेता येत नाही. समोरच्या मुलांनी माझा हात वर पाहिला आणि शिट्टीची वाट पाहिली. त्यात त्यांचे काय चुकले? गोल रद्द करून किक पुन्हा घ्यायला लावायची होती. चूक आधी माझी आहे.

बुधवारी मी त्या मुलाला भेटलो. तो म्हणाला, अंतर सवयीने मागितले, जाळे रिकामे आहे हे नंतर दिसले, आणि शिट्टीचा नियम त्याला ठाऊकच नव्हता. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. दोन्ही संघांना हे सर्व मी सांगितले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर त्याच जागेवरून, त्याच गुणांवर, शेवटची पाच मिनिटे पुन्हा खेळली जातील. शिट्टी या वेळी दुसऱ्या कोणाकडे असावी, अशी विनंती मी फादरांना केली आहे.