वडिलांच्या नावाच्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न : आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावर, नव्या महाराष्ट्र सदनाजवळ राहतो. मी एकटीने मुलगी दत्तक घेतली आहे. घरात ती, मी, माझी आई आणि धाकटी बहीण. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, एप्रिलपासून नर्सरीत जाईल. अर्जात वडिलांचं नाव मागतात. वर्गातली मुलंही विचारतील. तिची तयारी कशी करू?
— एक वाचक, नवी दिल्ली

उत्तर : कागदाचं आधी सांगते, ते वाटतं तितकं अवघड नाही. दत्तकाच्या आदेशानंतरच्या जन्मदाखल्यावर पालक म्हणून तुमचंच नाव असेल. अर्जात तेवढंच लिहा. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ सालीच मान्य केलं. जुलै २०१५मध्ये एका अविवाहित आईला पित्याचं नाव उघड न करता पालकत्व मागता येईल, असा निकालही दिला. ऑनलाइन अर्ज अडला तर त्यात आजोबांचं नाव घालू नका. दाखला घेऊन शाळेत जा. तिथेही अडवलं तर कारण लेखी मागा.

‘तेरे पापा कहाँ हैं?’ हा प्रश्न मात्र लवकरच येईल. एवढीशी मुलं तो टोचायला विचारत नाहीत. डब्यात काय आणलंस, तसंच विचारतात. उत्तरही तेवढंच हवं : ‘मेरे घर में आई है, आजी है, मावशी है.’ ते पाठ करून घेऊ नका. जेवताना, फोटो बघताना घरात सहज बोललं जाऊ दे. तू माझ्या पोटातून आली नाहीस, मी तुला घरी आणायला आले होते, हेही त्यातच येऊ दे. दत्तकाची गोष्ट तिला बाहेरून कळता कामा नये, हे मी आग्रहाने सांगते.

घराची बाजू मांडायचं काम तिच्यावर टाकू नका. वर्ग सुरू होण्याआधी मॅमना भेटा. घरात कोण आहे, न्यायला कोण येईल, ती ‘आजी’ म्हणते ती म्हणजे नानी, सगळं सांगा. फादर्स डेचं ग्रीटिंग तिला मावशीसाठी करू द्या, हेही. दत्तकाबद्दल किती बोलायचं ते तुम्ही ठरवा.

हे सांगताना संकोचू नका. ताराबाई मोडक पतीपासून विभक्त झाल्यावर लहान मुलीला घेऊन भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात कामाला गेल्या. महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवणाऱ्या बाईंचं स्वतःचं घरही चारचौघांसारखं नव्हतं! पुढे बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवरची आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शाळेने मुलाकडे चार पावलं यावं, ही अपेक्षा तुम्हीही ठेवा.

पहिले दिवस ती रडेल. ते घरात बाबा नाहीत म्हणून, असं धरून चालू नका. दिवसभर मराठी ऐकणारं मूल हिंदी-इंग्रजीच्या वर्गात बावरतंच. तिची नजर चुकवून निघू नका. ‘डबा खाऊन झाला की मी येते’ म्हणा, निघा, आणि वेळेआधी फाटकाशी पोहोचा. काही आठवड्यांनीही नीट जेवत-झोपत नसेल, तर मॅमना पुन्हा भेटा आणि वर्गात कोण काय बोलतं ते विचारा.