वसमतला पाल पडलंय? लेकरांसाठी काय मिळतं आणि किती लागतं

कारखान्याचा हंगाम, हळदीची काढणी, वीटभट्टी, नाहीतर आजोबा-पणजोबापासून फिरतीवरचा संसार. कारण काहीही असो, वसमत शहरात किंवा कुरुंद्याच्या बाजूला तुमचं पाल पडलं असेल, तर एक गोष्ट आधी पक्की करा. लहान लेकरांच्या बहुतेक सरकारी सोयींना ना स्वतःचं घर लागतं, ना पैसे. लागतो तो कामाचा खाडा. म्हणून कमी हेलपाट्यांत काम कसं होईल, ते सांगतो.

पहिला हेलपाटा पालाजवळच्या अंगणवाडीत, सकाळीच. गावाकडे नाव असेल तरी अडचण नाही. नोंद अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर असते आणि ती इथल्या अंगणवाडीत वळवता येते. गाव सोडतानाच तिथल्या अंगणवाडी ताईंचा फोन नंबर घेऊन ठेवा, म्हणजे हे काम एका फोनवर होतं. सोबत आईचं आधार, तिचा मोबाइल आणि लेकराचं लसीकरण कार्ड न्या. लेकराचं आधार निघालं नसेल तरी आईच्या आधारवर नाव घालतात. मोबाइल नंबर मात्र स्वतःचाच द्या. मुकादमाचा दिलात तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि प्रत्येक वेळी त्याच्या मागे फिरावं लागतं.

६ महिने ते ३ वर्षांच्या लेकराला घरी न्यायचा आहार मिळतो. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम जेवण आणि शाळेची तयारी. गरोदर बाईला आणि बाळंतिणीलाही आहार आहे. सगळं मोफत. कुणी वर्गणी मागितली तर पावती मागा.

अंगणवाडीत गेलात की लेकराचा दंडघेर मोजून घ्या. ताई दंडाभोवती कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळतात. हिरवा रंग आला तर ठीक. पिवळा आला तर जपायला हवं. लाल आला म्हणजे घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आहे. मग उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगितलं तर ‘मजुरी बुडेल’ म्हणून परत फिरू नका. तिथे आईला लेकराजवळ राहता येतं आणि बुडीत मजुरीही मिळते. बँक पासबुक सोबत ठेवा आणि भरतीच्या दिवशीच बुडीत मजुरीचं विचारा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२, इतर तातडीला १०८. दोन्ही गाड्यांचं भाडं शून्य. डिझेलला म्हणूनही काही द्यायचं नाही.

आता खरी अडचण. अंगणवाडी काही तासांतच सुटते आणि तुम्ही दिवस मावळेपर्यंत कामावर. दिवसभराच्या सांभाळासाठी केंद्र सरकारची ‘पाळणा’ योजना आहे. ६ महिने ते ६ वर्षांची मुलं, रोज साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. ती प्रत्येक गावात नाही. तुमच्याजवळ आहे का, हे वसमतच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. नसेल तर पाच-सहा पालांनी मिळून एका जाणत्या बाईची मजुरी वर्गणीतून भरावी, हाच धड मार्ग. लेकराला फडात नेऊ नका. पाचटावर निजवलेलं मूल ट्रॅक्टर वळवणाऱ्याला दिसत नाही. आणि धाकट्याला सांभाळायला थोरलीला पालावर बसवू नका. तिचं वय शाळेचं आहे.

शाळेला पत्ता नको, दाखला नको. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो, तोही वयाप्रमाणे योग्य वर्गात. २००९चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो. टीसी आली नाही किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. वयासाठी आईवडिलांचं लेखी निवेदन चालतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण मोफत. हंगाम संपून निघताना मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की पुढच्या गावी मूल त्याच वर्गात बसतं. मुख्याध्यापक ‘नंतर या’ म्हणाले, तर साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या आणि तीच पोच घेऊन पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

जन्माची नोंद मात्र टाळू नका, पुढे सगळं तिथेच अडतं. २१ दिवसांच्या आत नोंद मोफत. त्यानंतर विलंब शुल्क, महिन्यानंतर लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्यात बाळंतपण झालं तर नोंद दवाखाना कळवतो. तुम्ही फक्त नाव नीट लिहिलंय का ते बघा. पालावर झालं असेल तर शहरात नगर परिषद आणि गावात ग्रामपंचायत. नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, मूळ गावी नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना आधारपासून पुढच्या बहुतेक कामांना हाच दाखला पुरावा आहे.

आधार नवीन काढायला पैसे नाहीत, लहान-मोठ्या कुणालाच नाहीत. पत्त्याचा पुरावा नसेल तर आधारचा ठरलेला छापील नमुना घ्या. त्यावर आमदार, नगरसेवक किंवा सरपंच यांची सही-शिक्का आणि तुमचा फोटो लागतो. हे प्रमाणपत्र ३ महिनेच चालतं. सही झाली की लगेच केंद्रावर जा.

रेशन कार्ड गावाकडचं असलं तरी धान्य वसमतच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. तेही मोफत. ‘तुमचं कार्ड बाहेरचं आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

सर्वांत जास्त लूट होते ती बांधकाम कामगारांच्या नोंदणीत. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर तुम्ही पात्र. नोंदणी १ रुपया, दरवर्षी नूतनीकरण १ रुपया. एजंट हजारात बोलतात. मिळणारा पैसा मोठा आहे म्हणूनच ते टपलेले असतात. पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २५०० रुपये, आठवी ते दहावीला ५०००, नैसर्गिक बाळंतपणाला १५०००, शस्त्रक्रिया झाली तर २००००. एजंट ‘निम्मे माझे’ म्हणाला की उठा. ९० दिवसांचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडून काम चालू असतानाच घ्या. काम संपल्यावर तो सापडत नाही.

दुसरा छुपा खर्च बॉन्डचा. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासी दाखला किंवा सरकारी कार्यालयासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद पुरतो. ५०० रुपयांचा बॉन्ड आणायला कुणी सांगितलं तर कुठल्या नियमाने, ते लिहून मागा.

बाई एकटी असेल, नवरा वारला किंवा टाकून गेला असेल, तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये आहेत. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज करायचा आणि बालकल्याण समितीपुढे मुलासह हजर राहायचं. नांदेड जवळ वाटलं तरी वसमतचा जिल्हा हिंगोली, म्हणून हे सगळं हिंगोलीलाच. निघण्याआधी फोन करून समितीच्या बैठकीचा वार विचारा, नाहीतर एसटीचं भाडं आणि खाडा दोन्ही वाया.

समितीला घाबरू नका. ‘पालावर राहतो म्हटलं की लेकरू उचलून नेतील’ अशी भीती पुष्कळांना असते. बाल न्याय कायदा २०१५ सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मूल हरवलं, कुणी मारहाण केली, उचल फिटेपर्यंत मुलाला कामाला ठेवून घेतलं, तर १०९८ फिरवा. दिवसरात्र चालू, फोन मोफत.