संगणकाची उष्णता आणि तिचा निचरा

यंत्र तापले म्हणजे ते बिघडले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. लॅपटॉपच्या बाबतीत ती अपुरी ठरते. संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व विद्युत्‌शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न एकच: ही उष्णता वेळेवर बाहेर पडते काय?

पोलादनगरी भिलाईत हा प्रश्न जुनाच आहे. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. झोतभट्टीत तप्त हवा सोडणारी नळतोंडे तांब्याची असतात. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. नळतोंडांपुढील ज्वालेचे तपमान मात्र २००० अंशांच्या घरात असते. तरीही ती टिकतात, कारण त्यांच्या पोकळ भिंतींतून पाणी अखंड खेळत असते व उष्णता वाहून नेत असते.

लॅपटॉपमध्ये तत्त्व हेच, प्रमाण मात्र लहान. त्रिमितीय आराखडे किंवा चलचित्रांचे संपादन ह्यांसारखे जड काम चालू असता प्रोसेसर सुमारे ४५ वॅट शक्ती घेतो, असे समजू. ही उष्णता अवघ्या दोनेक चौरस सेंटीमीटर पृष्ठभागातून बाहेर पडावयाची असते. क्षेत्रफळाच्या मानाने हा भार विजेच्या इस्त्रीच्या तळाहून कित्येक पट अधिक होय. प्रोसेसरवर बसविलेल्या तांब्याच्या बंद नळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. त्याची वाफ होऊन ती थंड टोकाकडे जाते, तेथील पातळ पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी बनते आणि परतते. पत्र्यांवरून हवा फिरविण्याचे काम पंखा करतो.

आता भिलाईतीलच वैशाली नगरमधील मे महिन्याची दुपार घ्या. जड कामात प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ६५ अंशांनी अधिक तापतो, असे मानू. खोली २५ अंशांवर असता तो ९० अंशांपर्यंत जाईल. ४२ अंशांच्या खोलीत तो १०७ अंशांवर गेला असता. परंतु बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ येताच प्रोसेसर आपला वेग आपणच घटवितो. विद्यार्थ्याला वाटते की यंत्र जुने झाले. वास्तविक ते स्वतःचे रक्षण करीत असते.

मोठ्या संगणकांनाही ह्यातून सुटका नाही. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ ह्या महासंगणकात द्रवाने शीतन करण्याची योजना आहे.

घरगुती उपाय साधे आहेत. लॅपटॉप गादीवर न ठेवता कठीण मेजावर, मागील बाजू किंचित उचलून ठेवावा. पंख्यातील व पत्र्यांतील धूळ वर्षातून एकदा जाणकाराकडून काढून घ्यावी. कूलरने खोली थंड करावी, पण त्याचे तुषार यंत्रावर येऊ देऊ नयेत. जड काम पहाटे करावे. प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा थोडी खाली आणावी. वेगाबरोबर विद्युत्‌दाबही उतरत असल्याने उष्णता त्याहून पुष्कळच घटते.

बॅटरीला असे स्वसंरक्षण फारसे नसते. सततच्या उष्णतेने ती लवकर जीर्ण होते व कधी फुगते. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. यंत्र तत्काळ बंद करून ती जाणकाराकडून बदलून घ्यावी.