स्कूबा डायव्हिंग : हौशी, तांत्रिक आणि परतीचा घाट

पीण्या औद्योगिक क्षेत्रातून सुट्टीसाठी समुद्राकडे जाणाऱ्या कुटुंबांना मालवण-तारकर्ली किंवा मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेट येथे स्कूबा डायव्हिंगचा अनुभव सहज घेता येतो. स्कूबा म्हणजे पाठीवरील टाकीतील हवा श्वासात घेत पाण्याखाली वावरणे. त्याचे हौशी आणि तांत्रिक असे दोन प्रकार आहेत. त्यांतील फरक केवळ धाडसाचा आहे, हा समज अपुरा आहे. अडचण आल्यास थेट, सावकाश वर येता येईल काय, हा खरा प्रश्न होय. हौशी डुबकीत तसे येता येते. तांत्रिक डुबकीत बहुधा येता येत नाही.

पाण्यात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट होतो. या दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो आणि घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात. एकोणिसाव्या शतकात पुलांच्या पायासाठी दाबाच्या हवेत खोदकाम करणाऱ्या मजुरांना हाच विकार जडत असे. म्हणजे हा आजार मुळात कामगारांचा.

हौशी डुबकी ४० मीटरच्या आत आणि ठरावीक वेळेतच संपवावी लागते. पर्यटकांची पहिली डुबकी तर त्याहून पुष्कळ उथळ, प्रशिक्षकासोबत असते. तांत्रिक पाणबुडे ही मर्यादा ओलांडतात किंवा बुडालेल्या जहाजांत, गुहांत शिरतात. त्यांना वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबे घ्यावे लागतात. अति खोलीवर नायट्रोजनने नशा चढल्यासारखे होते, म्हणून ते हेलियममिश्रित वायू वापरतात. ऑक्सिजनही अधिक दाबाखाली विषारी ठरतो. यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण अनिवार्य आहे. कारखान्यातील कॉम्प्रेसरची हवा श्वसनाच्या टाकीत कदापि भरू नये. तीत तेलाचे कण व कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

हौशी डुबकी निर्धोक आहे, असे मात्र नव्हे. वर येताना श्वास रोखल्यास अगदी उथळ पाण्यातही फुप्फुसाला इजा होते. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गर्भवतींनी डुबकी टाळावी.

आता परतीचा प्रवास. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. रविवारी दुपारी डुबकी, रात्री बसने घाट आणि सोमवारी पहिली पाळी, हा बेत सोयीचा वाटला तरी योग्य नव्हे. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्यास वाव मिळतो. विमानप्रवासापूर्वी एका हौशी डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास आणि तांत्रिक डुबकीनंतर त्याहून बराच अधिक काळ थांबावे, असा संकेत आहे. घाट चढण्यापूर्वीही तो पाळणे हिताचे.

कोपर वा खांदा दुखणे, मुंग्या येणे, त्वचेवर चट्टे, चक्कर, अतिथकवा ही लक्षणे बहुधा २४ तासांत दिसतात. यंत्रावर काम करणाऱ्याचा खांदा दुखला, की तो कामाचा ताण समजला जातो. म्हणून दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले नाही तरी, आपण डुबकी केव्हा व किती खोल घेतली, हे प्रथम सांगावे. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्ष. मालिश किंवा वेदनाशामक गोळी नव्हे. लक्षणे वाटेतच दिसल्यास रुग्णाला आडवे झोपवावे, आणखी उंचीवर नेऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.