श्रीलंकेचा रुपया कोसळला तेव्हा काय झालं?



रुपया पडला की निर्यातवाल्यांची चांदी, असं आपण पारावर सहज बोलतो. थोडं खरंही आहे. पण चलन *एकदम* कोसळलं तर देशाची वाढ आधी खाली येते. श्रीलंकेत 2022 साली हेच झालं. हा देश आपला कांदा घेतो, म्हणून नीट समजून घ्या.

मार्च 2022 च्या सुरुवातीला तिथे एक डॉलर साधारण 200 श्रीलंकन रुपयांना होता. देशाकडचे डॉलर संपत आले, दर धरून ठेवणं जमेना, म्हणून केंद्रीय बँकेने पकड सैल केली. मे महिन्यात डॉलर 360 च्या आसपास!

हिशोब करून बघा. समजा, आपला कांदा तिथे 30 सेंट किलोने पोचतो. आधी व्यापाऱ्याला 60 रुपये पडायचे, आता 108. आपण भाव वाढवलाच नाही, तरी तिथल्या गिऱ्हाईकाला कांदा जवळपास दुप्पट महाग.

डिझेल, गॅस, औषधं यांचंही तसंच. सप्टेंबरमध्ये महागाई 70 टक्क्यांजवळ गेली. ती आवरायला बँकेने एप्रिलमध्येच व्याजदर एका झटक्यात 7 टक्क्यांनी वाढवून 14.5 वर नेला होता. कर्ज महाग, डिझेल मिळेना, मग कारखाना चालणार कसा? त्यात सरकारचं परदेशी कर्ज डॉलरमधलं, ते रुपयात बसल्या जागी फुगलं. 12 एप्रिलला परदेशी कर्जफेड थांबवली. त्या वर्षी अर्थव्यवस्था 7 टक्क्यांहून जास्त आकसली. (सगळा दोष घसरणीचा नाही, डॉलरची टंचाई आधीचीच होती.)

मग चहावाल्यांना तरी फायदा? किलोमागे रुपये जास्त मिळाले. पण 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात बंद केली होती. बंदी उठली तरी खत परवडेना, आणि 2022 मध्ये चहाचं उत्पादन घटलं. विकायला मालच कमी, तर चढ्या भावाचं करायचं काय?

वाढ परतायला 2023 चा उत्तरार्ध उजाडला, तोही नाणेनिधीचं कर्ज मिळाल्यावर.

आपला रुपया असा कोसळलेला नाही, हळूहळू घसरतो. तरी पोटॅश आपण बाहेरूनच आणतो, तेव्हा डॉलर चढला की गोणीवर लक्ष ठेवा.

*निर्यातीला माल देणाऱ्यांसाठी:* 2022 मध्ये आयातदारांना डॉलर मिळेनात म्हणून कोलंबो बंदरात कंटेनर अडकून पडले होते. ज्या देशाचं चलन घसरतंय, तिथे उधारीवर माल नको. पैसे आगाऊ की एलसीवर, हे गाडी भरण्याआधी विचारा. शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका.